लाल बाण

"आंटी, मॅप तो यहीं दिखा रहा है," दुचाकीवरच्या माणसाने हेल्मेटची काच वर करत म्हटले.

"दिखाने दे की. मैं बोल रही ना." चंद्राबाईंनी खुर्चीतून न उठता हात लांब केला. "ये सहावा नहीं, वो दुसरा सहावा. सीधा जा, नाल्याका पूल पार कर, मुनेश्वरका मंदिर लेफ्टमें छोड. उधर भी अठरा नंबर है."

त्याने वर पाहिले. होंग्याच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाशेजारच्या निळ्या फलकावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत 'सहावा क्रॉस' असे स्वच्छ लिहिलेले होते. फोन म्हणत होता, पोहोचलास. फलकही तेच म्हणत होता. झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली, साठीला टेकलेली ही बाई तेवढी म्हणत होती की अजून नाही. क्षणभर तो घुटमळला, मग बाईवर विश्वास ठेवून त्याने गाडी वळवली. त्याच्या पाठीमागच्या पिशवीतून एक लांबट खोका डोकावत होता आणि खोक्यावर पाळण्याचे चित्र होते.

चंद्राबाईंनी हात खाली घेतला. सकाळपासूनचा हा सातवा.

बंगळूरमध्ये मोठ्या रस्त्याला काटकोनात फुटणाऱ्या गल्लीला क्रॉस म्हणतात, आणि क्रॉसला बहुधा नाव नसते, नंबर असतो. पीण्या या औद्योगिक भागातल्या कारखान्यांमागे, जिथे यंत्रांच्या घरघरीने जमीन दिवसभर बारीक थरथरत असते, तिथे एका नाल्याच्या दोन काठांवर दोन वस्त्या वाढल्या. अलीकडची वस्ती एक ते पाच मोजून थांबली. पलीकडची तिथून पुढे, सहापासून मोजत गेली. मग कितीतरी वर्षांनी अलीकडे, एका बंद पडलेल्या फौंड्रीच्या पडीक जागेत आणखी एक गल्ली उगवली. तिने आपल्या शेजारणीकडे पाहिले, ती पाचवी होती, म्हणून हिने स्वतःला सहावी म्हटले. अशा रीतीने एकाच पिनकोडात दोन सहावे क्रॉस झाले. दोन्हींत अठरा नंबरची घरे होती. अलीकडच्या अठरा नंबरात चंद्राबाई राहत.

त्या मूळच्या चिकोडीकडच्या. चाळीस वर्षे या शहरात काढूनही तिकडच्या बायकांप्रमाणे स्वतःविषयी बोलताना त्या 'मी येतो, मी जातो' असेच म्हणत. एकोणीस वर्षे त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात काढली होती आणि त्यानंतर पाच वर्षे पालिकेच्या सभागृहात. सभागृहाची मुदत संपून पाच वर्षे उलटली होती. नवी निवडणूक आज होणार, उद्या होणार असे म्हणता म्हणता वॉर्डांच्या सीमा दोनदा बदलल्या, पालिकाही बदलली. चंद्राबाई 'माजी' झाल्या. पण नव्या कुणी आलेच नाही, त्यामुळे लोकांच्या तोंडी त्या अजूनही 'कॉर्पोरेटरक्का'च होत्या.

---

"काकू, सॉरी हं. परत तुमच्याकडेच टाकून गेला का?"

रविवारी संध्याकाळी पलीकडच्या अठरा नंबरातली सुखदा पूल ओलांडून आली. नागपूरची मुलगी, नवरा शंतनुबरोबर राहणारी, मान्यता टेक पार्कात कामाला. आता घरूनच काम करत होती. एक हात कंबरेवर ठेवून ती हळूहळू चालत होती. चंद्राबाईंनी खुर्ची तिला दिली आणि स्वतः झाडाच्या पारावर टेकल्या.

"सातवा न्हवं गं तुझा?"

"सातवा संपला. एप्रिल एंडची ड्यू डेट आहे." तिने पार्सल मांडीवर घेतले. "शंतनु महिन्यातून एक आठवडा हैदराबादला असतो. डॉक्टर म्हणाल्या, बीपी थोडं वर आहे, काही वाटलं तर वाट बघायची नाही, डायरेक्ट अँब्युलन्स. मग मी प्रॅक्टिस केली काकू. खरंच. फोन लावला, ॲड्रेस सांगितला, म्हटलं तुमच्या स्क्रीनवर कुठे दिसतंय तेवढं सांगा." ती हसली. "तुमचंच घर दिसलं त्यांना. तुमच्याकडचं ते मोठं झाडसुद्धा."

चंद्राबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातली पाण्याची बाटली अर्ध्यावर थांबली.

"झाड दिसलं म्हनाले?"

"हो. मी म्हटलं, झाड नाही हो आमच्याकडे."

दोन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सकाळी साडेआठ वाजता, अशीच एक रुग्णवाहिका त्यांच्या दाराशी येऊन थांबली होती. दोन माणसे स्ट्रेचर घेऊन उतरली आणि पेशंट कुठे, म्हणून विचारू लागली. चंद्राबाईंच्या हाताला कणीक होती. पेशंट नाही, आम्ही कुणी बोलावले नाही, असे सांगण्यात काही क्षण गेले. मग त्यांना पलीकडचा अठरा नंबर आठवला आणि त्या अनवाणीच गाडीपुढे धावू लागल्या. पुलावर दुधाची गाडी अडकली होती. एकूण अकरा मिनिटे गेली. पलीकडचे निवृत्त मुख्याध्यापक भीमाचार्य वाचले, पण उजवे अंग आणि वाणी त्या अकरा मिनिटांत कुठेतरी, दोन सहाव्या क्रॉसांच्या मधल्या नाल्यात, पडून राहिली.

कुणी चंद्राबाईंना दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची झाडाखाली आणून ठेवली आणि तिथे बसू लागल्या.

दोष कुठे होता ते त्यांना ठाऊक होते. त्या नगरसेविका असताना गंजलेले फलक बदलायचे ठरले, तेव्हा याच भीमाचार्यांनी बारा माणसे घेऊन येऊन जुना नकाशा टेबलावर उलगडला होता. सहावा क्रॉस आमचा, तो आधी झाला. दुसऱ्या दिवशी अलीकडचे लोक विजेची बिले घेऊन आले. पाचच्या पुढे सहाच येतो, अक्का, आम्ही काय शून्य लावून घ्यायचं? आठवडाभर आवाज चढत राहिले. शेवटी चंद्राबाईंनी तोडगा काढला, दोघांनाही सहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाच सकाळी त्यांनी दोन फिती कापल्या आणि अलीकडच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाचा ग्रॅनाइटचा दगड बसला. भांडण मिटले, आणि भांडण मिटले म्हणून प्रश्नही सुटला असे सगळ्यांना, त्यांनाही, वाटले.

"काकू, काय झालं?" सुखदा विचारत होती.

"कायबी न्हाई. ऊठ स्वल्प, हळू. मी पुलापत्तुर येतो."

---

चंद्रकांत त्यांच्याच गल्लीतला, एकवीस नंबरचा. निपाणीकडचा माणूस, पक्षाचे बूथ सांभाळणारा. चंद्राबाईंच्या पहिल्या प्रचारात तो रिक्षात भोंगा घेऊन फिरला होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि कॉफीचा पेला पारावर ठेवला.

"एक सहा काढायचाच, तर त्यांचा काढा की, अक्का."

"त्यांचा आधीचा हाय."

"आधी-नंतर कोन बघतंय? नवा नकाशा बघितलासा न्हवं? नाल्याच्या पल्याडचं सगळं दुसऱ्या वॉर्डात गेलं. त्यांचं एक मत तुमाला पडणार न्हाई. आन् इथली एक्केचाळीस घरं तुमच्या जिवावर हाईत. त्यांचा नंबर तुमी काढून घेणार, निवडणुकीच्या तोंडावर?" त्याने आवाज खाली आणला. "यंदा तिकीट तुमालाच, मी शब्द टाकलाय. जरा गप ऱ्हावा. पल्याड जाऊन एकदा विचारून या. ऐकले तर ऐकले."

म्हणून चंद्राबाई पलीकडे गेल्या. त्या चालून गेल्या, आणि चालताना आपण काय मागायला चाललो आहोत हे त्यांना पूर्ण कळत होते, तरी पाय थांबले नाहीत. माणूस पुष्कळदा नकार ऐकण्यासाठीच एखाद्या दारात जातो.

भीमाचार्य ओसरीवर खुर्चीत होते. शाल नीट घातलेली, गंध नीट लावलेले; सगळी नीटनेटकी रचना दुसऱ्या कुणाच्या हाताची. त्यांची पत्नी अहल्याबाई परातीत अवरेकाईच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"या, चंद्राक्का. बसा. हे आहेत तसे आहेत," त्या न विचारताच म्हणाल्या.

चंद्राबाईंनी सांगितले: दोन सहा, सुखदाची तारीख, स्क्रीनवर दिसलेले झाड. अहल्याबाई सोलत राहिल्या. मग त्यांनी एक शेंग न सोलताच परातीत टाकली.

"म्हणजे नंबर आम्ही सोडायचा."

"तसं मी म्हणत न्हाई. विचारायला आलो."

"सोडायचं ते पुष्कळ सुटलंय आमच्याकडून." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ह्यांचा हात सुटला, बोलणं सुटलं. चाळीस वर्षं शाळेत बोललेला माणूस. आता तेवढा सहा राहिलाय, तोही तुम्हालाच हवाय का?"

परातीत दाणे पडण्याचा आवाज परत सुरू झाला. चंद्राबाई उठल्या. पायरीवर त्यांनी वळून पाहिले, तेव्हा भीमाचार्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून हळूहळू उचलला जात होता. तो लांब झाला आणि पुलाच्या दिशेला स्थिर झाला. दोन वर्षे चंद्राबाई दररोज ज्या रीतीने हात करत आल्या होत्या, अगदी त्याच रीतीने. त्या हाताच्या टोकाशी पूल होता, पुलापलीकडे होंग्याचा शेंडा होता आणि झाडाखाली त्यांचा स्वतःचा दगड होता.

---

कपड्यांच्या कारखान्यात चंद्राबाई तपासनीस होत्या. त्यांच्या टेबलावर छोट्या लाल बाणांच्या चिकटपट्ट्या असत. शर्टावर टाका चुकला असेल, शिवण वळली असेल, तर तिथे एक बाण चिकटवायचा, टोक चुकीकडे. शर्ट शिवणारीकडे परत जाई, दुरुस्त होऊन येई आणि मग तो बाण काढायचा तो चिकटवणारीनेच. दुसऱ्या कुणी काढला तर तो शर्ट तपासलेला धरत नसत. सभागृहात गेल्यावर त्यांना ठराव, उपसूचना, हरकतीचा मुद्दा यांतले फारसे कधी कळले नाही. त्यांनी आपली जुनी पद्धत मात्र वॉर्डात आणली. पर्समध्ये बाणांची पट्टी घेऊन त्या सकाळी फिरत. फुटलेल्या फरशीवर बाण, बंद दिव्याच्या खांबावर बाण, गळणाऱ्या नळावर बाण. कंत्राटदार आधी हसले, मग वैतागले आणि पुढे पुढे त्यांची माणसे बाण पाहूनच पान्हा काढू लागली. काम झाले की चंद्राबाई स्वतः येऊन, अंगठ्याच्या नखाने, बाण काढून टाकत.

त्या संध्याकाळी त्यांनी पर्सच्या तळातून जुनी पट्टी शोधून काढली. तिच्यात चार बाण शिल्लक होते. कोपऱ्यातल्या ग्रॅनाइटच्या दगडापाशी त्या खाली वाकल्या.

"काय चिकटवालीस तिथं?" फाटकातून त्यांच्या नवऱ्याने, मल्लाप्पांनी, विचारले.

"बाण."

"आपल्याच दगडाला?"

"टाका तिथंच चुकलाय."

मल्लाप्पांनी बावीस वर्षे एका कारखान्यात लेथ चालवली होती आणि निवृत्तीच्या दिवशी मालकाने काय हवे असे विचारल्यावर पितळेचा एक तुकडा मागितला होता. त्या पितळेची पाटी फाटकावर होती. त्यावर कोरलेले '१८, ६वा क्रॉस' दर रविवारी चिंचेने घासून ते उजळत. आपल्याच गल्लीचा सहा काढायचे ठरवल्याचे चंद्राबाईंनी रात्री जेवताना सांगितले तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"सहाचं पोट बघितलीस कधी त्या पाटीवर?" ते म्हणाले. "यंत्रावर होत न्हाई तसलं. बारीक कानशीनं दीड दिवस घासलोय मी. गावाकडं आपलं घर न्हाई, शेत न्हाई. माझ्या नावापुढं लिहायला तेवढं एक हाय."

"व्हय."

"तू जा, समद्यांच्या सह्या आण. मी आडवा येणार न्हाई. माझी शेवटची."

---

एक्केचाळीस घरे. चंद्राबाई रोज संध्याकाळी चार घरे घेत. लोकांना राग येण्याआधी भीती वाटत होती: आधार, गॅस, बँक, पासपोर्ट, घराचा खाता म्हणजे मालकीचा उतारा. एक नंबर गेला तर आपणच कागदांवरून पुसले जाऊ अशी ती भीती होती, आणि दूरदूरच्या गावांहून येऊन मोठ्या कष्टाने एक पत्ता मिळवलेल्या माणसांची ती होती, म्हणून चंद्राबाई तिला हसल्या नाहीत.

"नगरसेवक असताना नंबर दिलासा, नसताना काढायला आलासा," एका म्हाताऱ्याने टोमणा मारला.

"व्हय अण्णा. दिला तोबी मीच."

"मग आमचे कागद?"

"एकेकाचे कागद घेऊन मी संगं येतो. रांगेत तुमच्या आधी मी उभारतो. सरी? चालतंय न्हवं?"

त्यांनी तसे केलेही. बदलाचे अर्ज कसे भरायचे ते शंतनुने कन्नड, इंग्रजी आणि मराठीत एका पानावर लिहून दिले. नकाशात दुरुस्ती सुचवण्याचे कामही त्याने अंगावर घेतले. चंद्रकांत मात्र कॉफीला येईनासा झाला. त्याने सही केली, पण ती बायकोच्या हातून पाठवली.

नाव काय द्यायचे यावरून पाराभोवती एक अख्खा रविवार भांडण झाले. एकाला देव हवा होता, एकाला पुढारी, दोघांना वेगवेगळे नट. 'सहावा ए' सुचवताच सगळ्यांनी मिळून ते हाणून पाडले. ए म्हणजे शेपूट, असे मत पडले. मार्च सरत आला होता, होंग्याला नवी तुकतुकीत पालवी आणि फिकट जांभळट फुले आली होती, आणि ती फुले भांडणाऱ्यांच्या डोक्यांवर निःपक्षपातीपणे पडत होती. शेवटी कोपऱ्यातली शिवणकाम करणारी रंजिता म्हणाली, "रिक्षावाल्याला रोज काय सांगतो आपण?"

रिक्षावाल्याला सगळेच सांगत, होंगे मरद हत्तिर, होंग्याच्या झाडाजवळ.

"मग तेच की. होंगेमर रस्ता. ह्याला कोण नाही म्हणणार, हे झाडच आधी आलंय सगळ्यांच्या."

---

पालिकेच्या कार्यालयात इंजिनीअर पवित्रा होत्या. नगरसेविका असताना चंद्राबाईंच्या लाल बाणांनी सर्वांत जास्त छळले ते यांनाच. त्यांनी कागद उलटेपालटे करून पाहिले.

"कौन्सिल नाही, मॅडम. ठराव कोण करणार?"

"प्रशासक हाईत न्हवं? त्यांच्यापुढं ठेवा."

"ठेवते. रहिवाशांची एकमताने संमती असेल तर जमेल." पवित्रांचे बोट सह्यांवरून खाली सरकत गेले आणि थांबले. "चाळीसच आहेत. अठरा नंबरची नाही."

"ती माझ्याच घरची हाय."

पवित्रांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. मग, हसू आवरण्याचा प्रयत्न न करता, त्यांनी कागद परत केला. "शुक्रवारी फाईल वर जाते. तोपर्यंत आणा."

चंद्राबाईंनी घरी येऊन तो कागद देवळीत ठेवला, त्यावर पेन ठेवला आणि विषय काढला नाही. लग्नाला एक्केचाळीस वर्षे झाली होती. कुठल्या गाठीला हात लावायचा नसतो हे त्यांना कळत होते.

बुधवारी दुपारी त्या रंजिताच्या आधारच्या कामासाठी बाहेर होत्या. परतल्या तेव्हा मल्लाप्पा फाटकासमोर स्टूल घेऊन बसले होते. हातात पेचकस होता, आणि चारांपैकी तीन स्क्रू त्यांच्या मांडीवरच्या रुमालात ठेवलेले होते.

"ती पोरगी आली हुती," ते म्हणाले. "नागपूरची. पार्सल न्यायला. फाटकाशीच बसली. पाय सुजलेत तिचे. पाणी दिलो. म्हटलं, चल, घरापत्तुर सोडतो."

"मग?"

"घड्याळ बघितलो." बावीस वर्षे लेथवर सुतासुताचा फरक मोजलेल्या माणसाच्या आवाजात ते म्हणाले. "तिच्या चालीनं एकोणीस मिंटं लागली. तीनदा थांबली. पुलावर माझा हात धरली." चौथा स्क्रू निघाला. पाटीखालचे लोखंड कोवळ्या निळ्या रंगाचे राहिले होते, ऊन न लागलेल्या कातडीसारखे. मल्लाप्पांनी पितळ एकदा अंगठ्याने पुसले. "अकरा मिंटं म्हणत हुतीस न्हवं तू, मास्तरांच्या टायमाला. मी कधी चालून बघितलो नव्हतो."

ते आत गेले. देवळीतला कागद घेऊन त्यांनी शेवटच्या ओळीत सही केली, सावकाश, काहीतरी कोरत असल्यासारखी.

---

आदेश एप्रिलच्या मध्याला आला. गवंडी जुना फलक काढायला आला तेव्हा ग्रॅनाइटच्या दगडापाशी थांबला.

"अक्का, सहावा तेवढं घासून काढू? खाली तुमचं नाव राहील."

"दगड एकच हाय. काढ समदा."

"टाकू कुठं?"

चंद्राबाईंनी इकडेतिकडे पाहिले. गल्लीच्या तोंडाशी गटारावरची एक फरशी कधीची फुटलेली होती. रंजिता रोज तिथून मशीनचे सामान घेऊन उडी मारून जाई. दगड तिथे अगदी नेमका बसला, अक्षरे खाली, पाठ वर. बसवण्याआधी चंद्राबाईंनी त्याच्यावरचा बाण सोडवून घेतला आणि तो नव्या फलकाच्या खांबावर चिकटवला.

"हे तर नवं हाय," गवंडी म्हणाला.

"अजून तपासायचं हाय."

त्याच आठवड्यात पक्षाने इच्छुकांची नावे मागवली आणि चंद्रकांतने दुसऱ्या गल्लीतल्या एकाचे नाव पाठवले. ते सांगायला तो स्वतः आला, एवढे मात्र त्याने केले. पाराशी उभा राहून, फलकाकडे पाहत म्हणाला, "काय करू अक्का, ते लोक म्हणतात, चंद्राबाईला स्वतःची गल्ली सांभाळता आली न्हाई." चंद्राबाईंनी त्याला कॉफी दिली. त्याने ती पूर्ण प्यायली.

त्यानंतर खुर्चीवरचे दिवस रिकामे होऊ लागले. आठवड्यात दोघे चुकले, मग एक. दुचाक्या होंगेमर रस्त्याच्या तोंडावरून न थांबता पुलाकडे जात. शंतनुने सुचवलेली दुरुस्ती मंजूर झाल्याचे सुखदाने फोनवर चित्रासह कळवले होते. तरी चंद्राबाई बसत राहिल्या. एका बाजूला टाका बरोबर आला म्हणून सबंध शर्ट बरोबर आला असे होत नाही.

अठ्ठावीस तारखेला दुपारी तीन वाजता भोंगा ऐकू आला. आधी दूर, औद्योगिक वसाहतीच्या मोठ्या रस्त्यावर. मग वळून, जवळ. चंद्राबाई उठून उभ्या राहिल्या. शंतनु हैदराबादला होता हे त्यांना माहीत होते. पाराशी फुलांचा पातळ, सुकलेला थर होता आणि त्यावरून चालताना त्यांच्या चपलांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला. गाडी कोपऱ्यावर दिसली. हात आपोआप लांब झाला, बोट पुलाकडे, आणि तोंडात शब्द तयार होते: हा न्हवं, तो दुसरा.

गाडीने वेग कमी केला नाही. चालकाने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. पांढरा रंग, निळा दिवा, चाकांमागे उडालेली थोडी फुले; गाडी गल्लीच्या तोंडावरून पुढे गेली, पुलावर चढली, उतरली. मुनेश्वराच्या देवळापाशी भोंगा एकदम थांबला. चंद्राबाईंचा हात हवेत तसाच होता. त्या थांबल्या होत्या, भोंगा परत येतो का ते ऐकत.

पर्समधला फोन वाजला.

"चंद्राक्का," पलीकडून अहल्याबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "आली. सुखदाच्या दारात थांबली. मी जाते तिच्याबरोबर." आणि मग, फोन ठेवण्याआधी, "ह्यांनी खिडकीतून बघितली. सरळ आली म्हणून हात केला मला."

थोड्या वेळाने गाडी त्याच रस्त्याने परत गेली. काचेमागे काही दिसले नाही. भोंगा मोठ्या रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला आणि गल्लीत पुन्हा कारखान्यांची नेहमीची थरथर तेवढी राहिली.

चंद्राबाई खांबापाशी गेल्या. बाण उन्हाने फिकट झाला होता, कडा वळल्या होत्या. त्यांनी अंगठ्याचे नख खाली घालून तो हलक्या हाताने सोडवला, मागे राहिलेला चिकटपणाही खरवडून काढला आणि बोट पदराला पुसले. मग खुर्ची उचलली. फाटकावर नवी पाटी होती, त्याच पितळेची, उलट्या बाजूने कोरलेली. आतल्या अंगाला जुना सहा तसाच होता. घराकडे वळताना त्यांचा पाय गटारावरच्या दगडावर पडला. दगड जराही हलला नाही.

"आज लौकर आलीस," मल्लाप्पा आतून म्हणाले.

"व्हय," चंद्राबाई म्हणाल्या, आणि खुर्ची आत, भिंतीला लावून ठेवली.